नाव न छापण्याच्या अटीवर

टीव्हीवर वासिफ नज्जाबच्या हनुवटीखाली पहिल्यांदा पट्टी झळकली, ‘पॅलेस्टिनी घडामोडींचे तज्ज्ञ’, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतला खाटीक अबू शहाब सुरी हातात घेऊनच रस्त्यात आला.

"उस्ताद," तो म्हणाला, "तू पॅलेस्टिनी घडामोडींचा तज्ज्ञ. मग आम्ही कोण? हौशी?"

सगळी गल्ली हसली. वासिफही हसला, पण ते त्याला लागलं ते लागलंच. कारण खाटीक बोलला त्यात खोट नव्हती. आपल्याच घरात काय शिजतंय ते जगाला समजावून सांगायचं, आणि तेही जगाला पटेल अशा भाषेत, हा कसला धंदा? पण रामल्लात राहून त्याने तोच केला. एक-दोन नव्हे, चांगली तीस वर्षं.

सुरुवात झाली इस्रायलविरुद्धच्या पहिल्या उठावात. विद्यापीठाला टाळं लागलेलं, वासिफ एकवीस वर्षांचा, पायांत फाटके बूट. गावोगाव चालत जायचा, कोण पकडलं गेलं, कुठल्या बाजाराने संप पाळला, म्हातारे काय बोलतात, ते सगळं डोक्यात भरून घ्यायचा आणि जेरुसलेमच्या हॉटेलात उतरलेल्या एका परदेशी पत्रकाराला सांगायचा. पत्रकार ते छापायचा ‘जाणकारांच्या मते’ म्हणून. जाणकार म्हणजे हा, आणि त्याच्या वाट्याला काय, तर हॉटेलचा चहा.

डोक्यात भरून घ्यायचा असं म्हटलं, ते उगाच नाही. कागदावर काही लिहायची सोय नव्हती. एका छापखानेवाल्याच्या खिशात चिठ्ठी सापडली, तिच्यावर सात नावं होती, आणि आठवड्याच्या आत सातही जण तुरुंगात गेले. तेव्हापासून त्या पिढीने एक गोष्ट हाडीमाशी मुरवून घेतली की नाव लिहायचं नाही आणि नाव घ्यायचं नाही. वासिफने तर त्याचा धर्मच केला. पुढे त्याच्या प्रत्येक लेखात ‘एक शेतकरी’ असायचा, ‘एक दुकानदार’, ‘छावणीतली एक विधवा’. माणसं वाचायची आणि निर्धास्त व्हायची. नाव न छापण्याच्या अटीवर सगळं पॅलेस्टाईन त्याच्याशी मोकळेपणाने बोललं.

नंतर अभ्यास केंद्रं आली, परदेशी देणग्या आल्या, तक्ते आले, टक्केवारी आली. डॉक्टर मुनीब नावाच्या गृहस्थांनी काढलेल्या अशाच एका केंद्रात वासिफ नोकरीला लागला. वाहिन्यांचे फोन यायला लागले, पण कधी? तर कुठे माणसं मेली की. एरवी त्याची आठवण कुणाला? आणि बोलावलं की समोर बसवलेला असायचा कुणीतरी गोरा पंडित, ज्याने दोनदा रामल्लाला येऊन हॉटेलच्या गच्चीवरून हा देश पाहिला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या त्या माणसाला सात मिनिटं, आणि वासिफला ‘थोडक्यात सांगा’. पन्नास वर्षांचं दुखणं थोडक्यात कसं सांगायचं, हे काही कुणी त्याला शिकवलं नाही.

तरी त्याचे अंदाज चुकत नसत. इतरांचे सर्वेक्षणवाले दारोदार कागद घेऊन फिरत आणि लोक त्यांना काय ऐकायचंय ते ऐकवून वाटेला लावत. वासिफची रीत वेगळी. तो मयताच्या बैठकीला जायचा. आमच्याकडे माणूस गेला की गावच्या दिवाणखान्यात तीन दिवस बैठक असते. दाराशी घरचे पुरुष ओळीने उभे, आत खुर्च्यांच्या रांगा, एक जण पितळी किटलीतून बिनसाखरेची कडू कॉफी घोटघोट ओतत फिरतोय. पहिल्या दिवशी लोक रडतात. दुसऱ्या दिवशी गेलेल्याच्या गोष्टी सांगतात. तिसऱ्या दिवशी खरं बोलतात. वासिफ तिसऱ्या दिवशी जायचा, मागे बसायचा आणि कान उघडे ठेवायचा.

दैर रुम्मानला तो असाच गेला होता, फेब्रुवारीत.

तिथला गणिताचा मास्तर हिलाल वारला होता. वय चव्वेचाळीस. दुपारी पोरांचे पेपर तपासताना छातीत कळ आली. रुग्णवाहिका निघाली, गावाच्या तोंडाशी आली आणि थांबली. लोखंडी फाटक बंद. इस्रायली सैनिक म्हणाले, वरून निरोप आला की उघडू. तो निरोप मागायचा म्हणजे आपल्याच सरकारच्या समन्वय कचेरीत फोन करायचा, कचेरीने पलीकडच्यांना सांगायचं, पलीकडच्यांनी सैनिकांना. मधले हात तीन. हिलालच्या आईने, हाज्जा रस्मियाने, त्या कचेरीला अकरा वेळा फोन लावला. कुणी उचलला नाही. फाटकाच्या अलीकडे शेजाऱ्याच्या भाजीच्या गाडीत, कोबीच्या पोत्यांना टेकून हिलाल गेला. रुग्णवाहिका पलीकडे दिसत होती, तिचा दिवासुद्धा फिरत होता.

तिसऱ्या दिवशी त्या कचेरीचे प्रवक्ते फवाज रामल्लाहून सांत्वनाला आले. काळा कोट, सोबत फोटोवाला. बसले सरळ पुढच्या रांगेत. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी ही जात, तिला कुठे बसायचं ते सांगावं लागत नाही. कॉफी आली. फवाजसाहेबांनी कप उचलला, आणि तेवढ्यात दिवाणखान्याच्या दारात हाज्जा रस्मिया येऊन उभी राहिली. बायका पुरुषांच्या बैठकीत येत नाहीत. सगळे चपापले.

"तो कप खाली ठेव," ती म्हणाली.

आमच्यात रीत आहे ती उलटी. पाहुण्याला काही मागायचं असेल तर तो कप समोर तसाच ठेवतो, आणि यजमानाने ‘पी, तुझं काम झालं’ म्हटल्याशिवाय तोंड लावत नाही. त्या बळावर खुनाची वैरं मिटली आहेत, मोडलेली लग्नं जुळली आहेत. यजमानीणच पाहुण्याला कप खाली ठेवायला सांगते, हे कुणी बापजन्मात पाहिलं नव्हतं.

"मी अकरा फोन केले," हाज्जा म्हणाली. "त्या फोनपाशी कोण बसला होता, त्याचं नाव सांग. नाव सांग आणि मग पी माझी कॉफी."

फवाजने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. शेवटी कप ठेवला गेला, टक्कन आवाज झाला, आणि साहेब ‘अल्ला त्याच्यावर दया करो’ असं पुटपुटत बाहेर पडले. तिसऱ्या रांगेत बसलेल्या वासिफच्या अंगावर काटा आला. तीस वर्षांत त्याने याहून मोठं राजकारण पाहिलं नव्हतं.

आणि त्याने त्याचं काय केलं? ऐका. केंद्राच्या वार्षिक अहवालात, पान एकोणचाळीसवर, त्याने लिहिलं: ‘उत्तरेकडील एका गावातील एका वृद्ध महिलेने समन्वय यंत्रणेच्या प्रतिसादाबाबत असमाधान व्यक्त केले.’

कुणी त्याला असं लिहायला भाग पाडलं नव्हतं. हात आपोआप तसा चालला. नाव गाळलं, गाव गाळलं, अकरा फोन गाळले, कप गाळला. त्याला वाटलं, आपण बाईला सांभाळलं.

अहवाल आला आणि वाहिनीवर चर्चा ठेवली गेली. एका बाजूला वासिफ, दुसऱ्या बाजूला कोण? फवाज! मधे निवेदिका दीमा. फवाजने पान एकोणचाळीस काढलंच. बोट ठेवून, चष्मा लावून वाचलं.

"कोण ही वृद्ध महिला?" तो म्हणाला. "कुठलं गाव? आमच्या नोंदवहीत त्या महिन्यात एकही न उचललेला फोन नाही. परदेशी देणग्यांवर बसून असल्या म्हाताऱ्या पैदा करायच्या, हाच यांचा अभ्यास! नाव सांगा, उस्ताद. मी इथेच बसलोय."

ज्याने स्वतः तो कप खाली ठेवला होता, तो हे म्हणत होता, आणि समोरच्याने ते पाहिलंय हे ठाऊक असूनही म्हणत होता. याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. फवाज पक्कं जाणून होता की वासिफ नाव घेणार नाही. या धंद्यातली माणसं नाव घेत नाहीत.

"नाव उघड करणं आमच्या नियमांत बसत नाही," वासिफ म्हणाला.

"कारण नावच नाही!"

"वेळ संपली," दीमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या जिन्यात काठीचा आवाज आला. हाज्जा रस्मिया तीन गाड्या बदलून आली होती, नक्षीच्या काळ्या झग्यात, धापा टाकत. वासिफने खुर्ची दिली, सहाय्यकाला सेजच्या पानांचा चहा सांगितला. तिने चहाकडे पाहिलंही नाही.

"तू त्या दिवशी तिसऱ्या रांगेत होतास," ती म्हणाली. "माझी कॉफी प्यालास."

"हो, हाज्जा."

"मग काल तोंडात काय धरलं होतंस? खजूर?"

"हाज्जा, तुमच्याच भल्यासाठी. नाव बाहेर गेलं की उद्या कुणी चौकशीला येईल, त्रास देईल—"

"काय त्रास देणार रे मला? नवरा गेला. जमीन फाटकापलीकडे गेली. मुलगा गेला. एक नाव उरलं होतं, ते तू गिळलंस." तिने काठी आपटली. "आणि असमाधान म्हणजे काय? नातीने वाचून दाखवलं मला. भाजीत मीठ कमी पडलं की असमाधान होतं माणसाचं. मी त्याला कप खाली ठेवायला लावला, मेल्या! सगळ्या गावासमोर!"

वासिफची मान खाली गेली.

"आता गावात काय बोलतात ठाऊक आहे?" तिचा आवाज एकदम उतरला. "टीव्हीवर सांगितलं ना, फोन आलेच नाहीत म्हणून. तेव्हा काही जण म्हणतात, म्हातारी घाबरून गेली असेल, तिने फोन केलेच नसतील, आता बनवून सांगते. म्हणजे मुलगा मरत होता आणि आई नुसती बसून राहिली. हिलालच्या बायकोने तोंडाने विचारलं नाही, पण ती माझ्याकडे बघते कशी ते मला दिसतं."

तिने झग्याच्या खिशातून जुना फोन काढून टेबलावर ठेवला. एकाच नंबरला अकरा वेळा. पहिला दोन वाजून दहा मिनिटांनी, शेवटचा तीन वाजून बावन्न मिनिटांनी. हे तिने जपून ठेवलं होतं, पुसू दिलं नव्हतं.

"तोंडाने सांग," ती म्हणाली. "जिथे गप्प बसलास, तिथेच सांग."

ती गेल्यावर डॉक्टर मुनीब दार लोटून आत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"वासिफ, शहाणपणा कर," ते म्हणाले. "वर्षअखेर केंद्राची नोंदणी संपतेय. सही कुणाची लागते, ते तुला सांगायला नको. बारा माणसं पोसतंय हे केंद्र."

"बाई खोटी ठरतेय, डॉक्टर."

"बाई दैर रुम्मानला राहते. आपण इथे राहतो."

"वा!" वासिफ उसळला. "सैनिकांबद्दल लिहिताना तुमच्या लेखणीला केवढी धार येते! त्यांनी फाटक लावलं, बरोबर, त्यांच्या नावाने आपण जन्मभर बोटं मोडणार आहोत, आणि मोडलीच पाहिजेत. पण ज्याने फोन उचलला नाही तो आपला, म्हणून त्याला समन्वय यंत्रणा म्हणायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्या या लोकांचं तोंड दाबायला आपणच हात पुढे करायचा?"

"एवढी वाफ असेल तर आधी राजीनामा टेबलावर ठेव," मुनीब थंडपणे म्हणाले. "मग काय हवं ते बोल."

घरी बायकोला, सुहैरला, त्याने सगळं सांगितलं. ती मक्लूबाचं, म्हणजे भात-मटणाचं पातेलं परातीवर उलटं करत होती. हात न थांबवता म्हणाली, "एक विचारू? एवढी वर्षं नावं लपवून तू त्यांना वाचवत होतास की स्वतःला?"

वासिफ त्या दिवशी नीट जेवला नाही. फवाजवरचा संताप, मुनीबवरचा संताप, हे सोपे होते. स्वतःवरचा आला की कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. सात जणांची ती चिठ्ठी खरी होती, ती भीती खरी होती. पण ज्या वर्षी ती खरी होती ते वर्ष कधीच सरलं होतं, आणि मधल्या सगळ्या वर्षांत ‘एक शेतकरी’, ‘एक विधवा’ असं लिहून लिहून त्याने माणसांचा एक मोठा बिनचेहऱ्याचा जमाव करून ठेवला होता, ज्याला कुणीही खोटं म्हणावं.

राजीनामा त्याने दोन ओळींत लिहिला. मग दीमाला फोन केला.

"नाव सांगायला येतोय," तो म्हणाला. "तुमच्या फवाजला कळव."

"चार मिनिटं देईन," ती म्हणाली. "त्याहून जास्त माझ्या हातात नाही."

दुपारच्या बातम्यांनंतर कार्यक्रम लागला. फवाज या वेळी स्टुडिओत आला नाही, फोनवरून बोलणार होता. वासिफने टाय लावला नव्हता. त्याने कागदही आणला नव्हता.

"परवा तुम्ही नाव विचारलं होतं," तो म्हणाला. "घ्या. रस्मिया सरहान. गाव दैर रुम्मान. तिने तुमच्या कचेरीला अकरा फोन केले, पहिला दोन वाजून दहाला, शेवटचा तीन बावन्नला. फोन तिच्याकडे आहे, कुणीही जाऊन पाहावा. तिचा मुलगा फाटकाशी मरत होता आणि तुमचा फोन वाजत होता. तिसऱ्या दिवशी तुम्ही तिच्या दारी गेलात, पुढच्या रांगेत बसलात. मी तिसऱ्या रांगेत होतो. तिने तुम्हाला कप खाली ठेवायला सांगितला आणि तुम्ही ठेवलात, फवाजसाहेब, कारण तुमच्यापाशी उत्तर नव्हतं. आजही नाही. तिचा मुलगा गेला, आणि तुम्ही परवा इथे बसून सांगितलंत, ही बाईच नाही? ही म्हातारी मी पैदा केली? तिने त्याला जन्म दिला, वाढवला, आणि तिचा मुलगा कोबीच्या पोत्यांवर गेला! फोनपाशी कोण होता? नाव सांगा. आता तुमची पाळी."

पलीकडून नुसती खरखर आली, मग तीही बंद झाली.

"फवाजसाहेबांशी संपर्क तुटलेला दिसतोय," दीमा म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिनेच ओठ चावला.

रस्त्यावर टॅक्सीवाल्याने भाडं घेतलं नाही. गल्लीत अबू शहाब दुकानाबाहेर उभा होता, हात छातीवर ठेवून. "आता तज्ज्ञ झालास," तो म्हणाला. खोटं कशाला सांगू, वासिफला बरं वाटलं. छाती भरून आली. जिना चढता चढताच त्याने दैर रुम्मानला फोन लावला.

"ऐकलंत, हाज्जा?"

"ऐकलं, बाळा. सगळं गाव इथे जमलं होतं. तुझं तोंड गोड होवो. जे कुजबुजत होते ते मान खाली घालून गेले. हिलालच्या बायकोने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, आत्ता कुठे रडली ती." मग थोडं थांबून म्हातारी म्हणाली, "एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा ना."

"तिचा मुलगा, तिचा मुलगा, तिचा मुलगा. तीनदा म्हणालास. मी मोजलं. त्याला नाव नव्हतं का रे?"

वासिफ जिन्यावर उभा राहिला. हाज्जाच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

फोनपाशी कोण होता ते कचेरीने शेवटपर्यंत सांगितलं नाही. ‘चौकशी सुरू आहे’ असं पत्रक काढलं आणि कानावर हात ठेवले. केंद्राची नोंदणी झाली, वासिफच्या खुर्चीवर एक हुशार मुलगी बसली, तिला तक्ते छान जमतात म्हणे. दीमाच्या वाहिनीने त्याला पुन्हा बोलावलं नाही. इतरांनीही नाही. नाव ओठांवर तयार होतं आणि ते सांगायला जागा नव्हती. दिवसामागून दिवस गेले. तो सकाळी उठायचा, दाढी करायचा, फोनशेजारी बसायचा, आणि सुहैर त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायची.

पाच महिन्यांनी एका परदेशी वाहिनीचा फोन आला. गावपंचायतींच्या निवडणुका जाहीर होणार अशी आवई उठली होती, नेहमीचा पंडित आजारी होता. दोन मिनिटं, थेट प्रक्षेपण. वासिफ खिडकीपाशी बसला. कानात आवाज आला:

"थोडक्यात सांगा, आज पॅलेस्टिनी मतदाराच्या मनात काय आहे?"

"हिलाल तौफीक सरहान," वासिफ म्हणाला. "वय चव्वेचाळीस. दैर रुम्मानच्या शाळेत गणित शिकवायचा. फेब्रुवारीत—"

"माफ करा, आमचा प्रश्न मतदारांबद्दल आहे."

"हा मतदार होता," वासिफ म्हणाला. "फेब्रुवारीत, दुपारी दोनच्या सुमाराला, तो पेपर तपासत बसला होता."